लावायचे औषध, घ्यायचे औषध

(अकादमीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला उभे केले, याबद्दल अकादमीचे आभार मानतो. आजचा विषय आहे लेझरच्या मदतीने औषध त्वचेच्या आत पोहोचवण्याचा. हा विषय दवाखान्यातला आहे, इथे कशाला, असे कुणाला वाटेल. माझे म्हणणे असे की या उपचाराचा अर्धा भाग दवाखान्यातला आहे आणि उरलेला अर्धा भाषेतला.

आपल्या घरात औषधांचे दोन वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक पोटात घ्यायचे औषध आणि दुसरे अंगाला लावायचे औषध. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना म्हातारी माणसे हमखास विचारतात, ‘हे लावायचं की घ्यायचं?’ हा प्रश्न शहाणपणाचा आहे. घ्यायच्या औषधाबद्दल आपण सावध असतो. किती, कधी, जेवणाआधी की नंतर, हे सगळे विचारतो. लावायच्या औषधाबद्दल मात्र निर्धास्त असतो. ‘मलमच तर आहे,’ असे म्हणून शेजारणीची ट्यूबसुद्धा वापरतो. बाटलीवर ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’ असे छापलेले असते, आणि बाह्य म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ आपण मनाशी करून घेतलेला असतो.

हा भरवसा ज्या भिंतीवर उभा आहे ती भिंत म्हणजे आपली त्वचा. आणि आजचा विषय आहे त्या भिंतीला मुद्दाम छिद्रे पाडण्याचा. भिंतीला भोक पडले की ‘लावायचे’ आणि ‘घ्यायचे’ यांतली सीमा पुसट होते. तीच आज मला तुम्हाला दाखवायची आहे.

आधी भिंत पाहू. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. मेंदी आणि गोंदण या दोन गोष्टी आठवा. लग्नातली मेंदी दोन-तीन आठवड्यांत उतरते. आजीच्या कपाळावरचे किंवा हातावरचे गोंदण मात्र तिच्याबरोबरच जाते. रंग दोन्हीकडे आहे, त्वचा तीच आहे, फरक खोलीचा आहे. मेंदीचा रंग त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराला धरतो. तो थर रोज थोडाथोडा झडतो आणि खालून नवा येतो, म्हणून मेंदी फिकी होते. गोंदणारीण सुईने तो थर आणि त्याखालची बाह्यत्वचा ओलांडून शाई अंतस्त्वचेत नेऊन ठेवते. अंतस्त्वचा अशी झडत नाही, म्हणून गोंदण राहते. वर लावलेले आणि आत पोहोचलेले यांत काय फरक असतो, हे आपल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

तो वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. पण त्याची बांधणी विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थांचा लेप हा चुना. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे आत येऊ न देणे, ही दोन्ही कामे ही भिंत करते. ती इतकी चोख काम करते की औषध बनवणाऱ्यांना डोकेदुखी व्हावी.

या भिंतीतून कोण जाऊ शकते याचा एक ढोबळ नियम २००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी मांडला. रेणूचे वजन ज्या एककात मोजतात त्याला डाल्टन म्हणतात. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू अखंड त्वचेतून जवळपास जातच नाहीत, असा तो नियम. निकोटिन सुमारे १६२ डाल्टनचे आहे, ते जाते, म्हणून तंबाखू सोडवण्यासाठी दंडावर चिकटवायची पट्टी निघाली. प्रवासातल्या मळमळीवरची स्कोपोलामिनची पट्टी तर अमेरिकेत १९७९ मध्येच मंजूर झाली होती. उलट इन्सुलिन सुमारे ५८०० डाल्टनचे आहे. म्हणून मधुमेहाच्या रोग्याला ते टोचूनच घ्यावे लागते, चोळून चालत नाही. जाहिरातीतले कोलॅजेन सुमारे तीन लाख डाल्टनचे असते. ते क्रीममधून त्वचेत ‘उतरते’ असे कुणी सांगितले, तर ही बेरीज-वजाबाकी आठवावी.

आता लेझर. पहिला लेझर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत तयार केला. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर बनवला. हे पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेला गेलेले. त्यांच्या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते, आणि पाणी हा प्रकाश फार अधाशीपणे शोषून घेते. आपल्या त्वचेत पाणी भरपूर आहे. त्यामुळे हा किरण पडला की त्या बिंदूवरचे पाणी क्षणात उकळून वाफ होते आणि तेवढी त्वचा उडून जाते. लोखंड कापणारे यंत्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले ते या गुणामुळे.

त्वचेचा वरचा थर असा प्रकाशाने काढता येतो, हे १९८० च्या दशकात दाखवून झाले होते. पण सबंध थर काढायचा म्हणजे जखम मोठी, जंतूंचा धोका मोठा, बरे व्हायला वेळ फार. उत्तर मिळाले ते २००४ मध्ये. डिटर मान्स्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण एकसलग न टाकता ठिपक्याठिपक्यांनी टाकला. रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद डोळ्यांसमोर आणा. ठिपक्याच्या जागी इजा होते, आणि दोन ठिपक्यांमधली त्वचा शाबूत राहते. ती शाबूत त्वचाच शेजारच्या सूक्ष्म जखमा भरून काढते, म्हणून बरे होणे झपाट्याने होते. पुढे हीच युक्ती कार्बन डायऑक्साइड लेझरला लावली, तेव्हा ठिपक्यांच्या जागी खरोखरची छिद्रे पडू लागली.

आणि मग कुणाच्या तरी मनात आले की छिद्रे पडलीच आहेत, तर त्यांतून औषध का घालू नये? २०१० मध्ये मेरेटे हेडर्सडाल, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या त्वचेवर हा प्रयोग केला. छिद्रे सुमारे ०.३ मिलिमीटर रुंद आणि १.८५ मिलिमीटर खोल होती. वर असे औषध लावले, की ज्यापासून त्वचेत प्रकाशाने चमकणारा पदार्थ तयार होतो. त्या चमकेवरून औषध कुठवर गेले ते पाहता आले. ते छिद्रांच्या तळापर्यंत पोहोचले होते, आणि छिद्राच्या भिंतीतून आजूबाजूलाही पसरले होते. म्हणजे थोडीशीच छिद्रे पाडून मधली त्वचाही औषधाने भिजवता येते.

याचा उपयोग काय? भाजल्यानंतर काहींचे व्रण जाड, ताठ, गाठीसारखे होतात. सांध्यावर असला व्रण आला तर हात सरळ होत नाही. मलम वरून लावून तो जाड ऊतक भिजत नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन त्यात घालायचे तर ते फार दुखते, आणि औषध सगळीकडे सारखे पसरतही नाही. लेझरने बारीक छिद्रे पाडून त्यावर तेच औषध थेंबाथेंबाने पसरले, तर ते एकसारखे आत जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १५ व्रणांवर हा उपचार करून बरीच सुधारणा झाल्याचे नोंदवले. त्या कामात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. उन्हाने गोऱ्या त्वचेवर होणारे कर्करोगपूर्व खवले, कोडाचे डाग, वण, यांवरही वेगवेगळी औषधे घेऊन काम झाले आहे. भाजलेल्या मुलीचा हात सरळ होणे ही छोटी गोष्ट नाही. म्हणून या उपचाराला घाबरवण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पण दार उघडले की ते कोण आत येते हे विचारत नाही. औषध आत जाते, तसा औषधातला सुगंध, रंग, टिकाऊपणासाठी घातलेली रसायने, आणि हातावरचे जंतूही जातात. लावायचे मलम बनवताना ते भिंतीच्या बाहेर राहील असे धरून बनवलेले असते. इंजेक्शनचे औषध निर्जंतुक करून बनवतात, बहुतेक मलमे तशी बनवत नाहीत. जे बाहेर चालते ते आत चालेलच असे नाही.

याची साक्ष लेझरच्या शेजारच्याच एका उपचारातून मिळते. चेहऱ्यावर बारीक सुयांचा रूळ फिरवून छिद्रे पाडण्याची पद्धत आता सौंदर्य उपचारांत सर्रास आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. अशा उपचारात क्रीम आणि सीरम वापरल्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर ॲलर्जीच्या गाठी उठल्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या बाबतीत वापरलेले क जीवनसत्त्वाचे सीरम अंगाला मानवत नसल्याचे चाचणीत दिसले. तेच सीरम अखंड त्वचेवर लावणाऱ्या असंख्य स्त्रियांना काहीच होत नाही. सीरम तेच होते, जागा बदलली होती.

दुसरी साक्ष अधिक गंभीर आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. लेझरने केस काढण्यापूर्वी दुखू नये म्हणून २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी पायांवर बधिर करणारे मलम लावून त्यावर प्लास्टिक गुंडाळले होते. दोघींनाही झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि पुढे दगावल्या. लक्षात घ्या, तोवर लेझर चाललाच नव्हता, त्वचेला एकही छिद्र पडले नव्हते. औषधाचा जोर मोठा, लावलेला भाग मोठा आणि वरून आच्छादन, एवढ्यानेच ते औषध रक्तात घातक प्रमाणात पोहोचले. मग जिथे मुद्दाम छिद्रे पाडली आहेत तिथे किती सांभाळायला हवे, याचा विचार करा.

आपल्यासाठी तिसरीही एक गोष्ट आहे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला भाजले, खरचटले, की तिथे काळा डाग राहण्याचा संभव गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. लेझरची मात्रा गोऱ्या त्वचेच्या हिशेबाने लावली, तर डाग घालवायला गेलेली मुलगी नवा डाग घेऊन येऊ शकते.

इथे विज्ञान थांबते आणि आपले काम सुरू होते. या उपचाराला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. त्याचे मराठी करताना ‘लेझर-साहाय्यित त्वचांतर औषध-वितरण’ असा काहीतरी समास सहज तयार होईल. व्याकरणाने तो शुद्ध असेल. पण ‘वितरण’ म्हटले की आपल्याला रेशनचे दुकान आठवते, आणि औषध कुठे, किती आत गेले ते त्या शब्दातून कळत नाही. परिभाषा हवीच. सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने बडोद्यात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ सिद्ध झाला, तो राज्यकारभारासाठी अनेक भाषांतले शब्द एकत्र ठेवणारा कोश. मराठीचा मुलूख म्हणतात त्याच्या बाहेर राहून मराठीची अशी कामे झाली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कोशातला शब्द कचेरीसाठी असतो. रोग्याच्या कानावर पडणारा शब्द निराळा असावा लागतो.

आणि तो आपल्याकडे आहे. एक नाही, तीन आहेत. जिरणे, मुरणे आणि भिनणे.

बाळाच्या टाळूला तेल घातल्यावर आपण म्हणतो, तेल जिरले. जिरणे म्हणजे वरून दिसेनासे होणे, वरच्या थरात सामावणे. लोणचे मुरते, म्हणजे मीठ-मसाला फोडीच्या आत गाभ्यापर्यंत जातो, आणि त्याला वेळ लागतो. विष मात्र भिनते. ते रक्तातून सगळ्या अंगभर जाते. पाहा, त्वचेच्या तीन पातळ्या या तीन क्रियापदांत नेमक्या आल्या. साधे मलम जिरते. लेझरच्या छिद्रांतून ते मुरते. आणि बेहिशेब झाले तर भिनते. उपचार करणाऱ्याला हवे असते ते मुरणे, टाळायचे असते ते भिनणे. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट इंग्रजीतून समजावायला पाऊण तास लागायचा. या तीन शब्दांनी ती दोन मिनिटांत कळते.

आता आपल्या इंदूरसारख्या शहरात काय घडते ते पाहा. संमतिपत्र इंग्रजीत छापलेले असते. बोलणे हिंदीत होते. आणि रोगी घरी येऊन विचार करतो तो मराठीत. बेळगावात हिंदीच्या जागी कन्नड घाला, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. तीन भाषांच्या या प्रवासात ‘लगाना’ आणि ‘लावणे’ एवढेच शब्द हाती उरतात, आणि मुळातला इशारा वाटेत गळून पडतो. सही मात्र झालेली असते. समजून न घेता केलेली सही ही संमती नव्हे, केवळ हजेरी आहे.

हे संमतिपत्र मराठीत कसे असावे? मी एक नमुना वाचतो. पहिलीला शिकवणाऱ्या बाईंनाही तो जड जाऊ नये, एवढीच माझी कसोटी.

‘तुमच्या त्वचेला लेझरने बारीक बारीक छिद्रे पाडणार आहोत. ती मुद्दाम पाडतो, कारण एरवी हे औषध वरच्यावर राहते. छिद्रांतून ते आत मुरेल. थोडे औषध रक्तातही जाऊ शकते, म्हणून किती भागावर आणि किती लावायचे ते आम्ही मोजून ठरवले आहे. हे औषध अशा रीतीने वापरणे हा तुमच्या डॉक्टरांचा निर्णय आहे, औषधाच्या वेष्टनावर तसे लिहिलेले नसेल. चक्कर आली, ओठ बधिर वाटले, कानात गुणगुण झाली, धडधडले, तर लगेच सांगा. डाग राहू शकतो. घरी गेल्यावर आम्ही दिलेल्याशिवाय काहीही लावू नका.’

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. आपल्या घरांत हळद, बेसन, उटणे, कोरफड, साय हे सगळे ‘घरचेच’ असते, आणि लाल झालेल्या चेहऱ्यावर आई मायेने काहीतरी लावायला धावते. अखंड त्वचेवर ते बहुधा चालून जाते. पण छिद्रे भरून यायला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मायेचा लेपही बाहेर राहत नाही. ही गोष्ट आईला तिच्या भाषेत सांगितली नाही, तर दोष आईचा नाही.

‘मलमच तर आहे’ या भरवशाची किंमत आपण आधीच मोजत आहोत. स्टेरॉइडची मलमे गोरे होण्यासाठी, खाज जाण्यासाठी, दुकानातून सहज घेऊन महिनोन्‌महिने लावली गेली. चेहरे लाल झाले, कातडी पातळ झाली, नायटे हट्टी झाले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. ही सगळी हानी भिंत शाबूत असताना झाली आहे. आता भिंतीला भोक पाडणारी यंत्रे मोठ्या रुग्णालयातून गल्लीतल्या सौंदर्य केंद्रापर्यंत आली आहेत. कायदा त्याच्या गतीने येईल. तोवर रोग्याच्या हातात एकच साधन आहे, ते म्हणजे नेमका प्रश्न. आणि नेमका प्रश्न नेमक्या शब्दांशिवाय विचारता येत नाही.

म्हणून तिघांकडे माझे तीन मागणे आहे. शिक्षकांनी त्वचेचा धडा शिकवताना मेंदी आणि गोंदण यांपासून सुरुवात करावी. मुले तो विसरणार नाहीत. लेखकांनी वैद्यकाविषयी लिहिताना समास जुळवण्याआधी घरातली क्रियापदे एकदा चाळून पाहावीत. भाषेची श्रीमंती बहुतेक वेळा क्रियापदांत असते. आणि विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जावे, आणि त्यांच्या वतीने पाच गोष्टी विचाराव्यात. औषध कोणते आहे? ते निर्जंतुक आहे का? किती भागावर लावणार? रक्तात गेले तर कसे कळेल? आणि घरी किती दिवस काय लावायचे नाही? उत्तरे मराठीत लिहून आणावीत आणि घरी वाचून दाखवावीत.

‘लावायचं की घ्यायचं?’ हा म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न चांगला आहे, तो सोडू नका. फक्त त्याला एक शेपूट जोडा. ‘लावायचं असेल, तर ते किती आत जाणार?’ एवढा प्रश्न आपल्या भाषेत रुळला, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.